जुना प्रोग्रॅम, नवी लायब्ररी: बायनरी कंपॅटिबिलिटीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात सॉफ्टवेअरचं काम करणारे बरेच जण टॉवेल-चादरीचे कारखाने, साखर कारखाने आणि मार्केट यार्डातले अडते यांच्यासाठी प्रोग्रॅम लिहितात. काटा वाचणं, बारकोड छापणं, पावती काढणं ही कामं प्रत्येकाला लागतात, म्हणून ती एका शेअर्ड लायब्ररीत ठेवली जातात आणि चार-पाच वेगवेगळे प्रोग्रॅम तीच वापरतात. लायब्ररीची नवी आवृत्ती आली की प्रश्न सुरू होतात. इंजिनिअरिंगची मुलं, नव्याने रुजू झालेले डेव्हलपर आणि स्वतःचा छोटा व्यवसाय चालवणारे जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

उदाहरणासाठी सगळीकडे 'लिबकाटा' नावाची लायब्ररी धरली आहे. इलेक्ट्रॉनिक वजनकाट्याला जोडलेल्या सिरियल पोर्टवरून वजन वाचून ते प्रोग्रॅमला देणं, एवढंच तिचं काम. भर लिनक्स आणि सी, सी प्लस प्लसवर आहे. विंडोजचा प्रश्न शेवटाकडे घेतला आहे.

बायनरी कंपॅटिबिलिटी म्हणजे नेमकं काय?

आधीच कंपाइल होऊन ग्राहकाच्या मशीनवर बसलेल्या प्रोग्रॅमला हात न लावता फक्त लायब्ररीची फाइल बदलली आणि तो पूर्वीसारखाच बरोबर चालला, तर नवी लायब्ररी जुनीशी बायनरी कंपॅटिबल आहे.

सोर्स कंपॅटिबिलिटी वेगळी. तिथे तुमचा जुना कोड नव्या हेडरसकट (लायब्ररीतली फंक्शन्स आणि स्ट्रक्चर्स जाहीर करणाऱ्या फाइलीसकट) पुन्हा कंपाइल झाला की भागतं. एपीआय (अ‍ॅप्लिकेशन प्रोग्रॅमिंग इंटरफेस) हा माणसाने वाचायचा करार आहे. एबीआय (अ‍ॅप्लिकेशन बायनरी इंटरफेस) हा कंपाइल झालेल्या फाइलींमधला करार आहे. फंक्शनचं चिन्ह (सिम्बॉल) कुठल्या नावाने शोधायचं, पहिला आर्ग्युमेंट कुठल्या रजिस्टरमध्ये ठेवायचा, स्ट्रक्चर किती बाइटचं आणि त्यातलं कुठलं फील्ड कितव्या बाइटपासून सुरू होतं, एनममधल्या (आकड्यांना नावं देणाऱ्या यादीतल्या) नावामागे कुठला आकडा आहे, हे सगळं कंपाइल करतानाच प्रोग्रॅममध्ये पक्कं बसतं. नंतर हेडर बदललं तरी जुन्या प्रोग्रॅमला त्याचा पत्ता नसतो.

पुन्हा कंपाइल केलं की झालं ना? एवढा खटाटोप कशाला?

सगळे प्रोग्रॅम तुमच्या हातात असतील तर खुशाल पुन्हा कंपाइल करा. पण तसं क्वचितच असतं. चिंचोळी एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्याचं बिलिंग ज्याने लिहिलं तो केव्हाच पुण्याला किंवा हैदराबादला गेलेला असतो. सोर्स कुणाकडे आहे ते मालकालाही सांगता येत नाही. साखर कारखान्यात गळीत हंगाम सुरू असताना उसाच्या गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत लागते. तिथे 'काटा दोन तास बंद ठेवा, प्रोग्रॅम नव्याने टाकायचाय' असं म्हणायची सोय नसते.

दुसरं कारण सुरक्षेचं. लायब्ररीत भोक सापडलं तर एकच फाइल बदलून सगळे प्रोग्रॅम सुरक्षित व्हावेत, यासाठीच शेअर्ड लायब्ररी आहे. कंपॅटिबिलिटी मोडणाऱ्या लायब्ररीचं अपडेट टाकायला लोक घाबरतात आणि ते भोक वर्षानुवर्षं तसंच राहतं.

स्ट्रक्चरमध्ये एकच फील्ड वाढवलं. एवढ्याने काय बिघडतं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून बाइट मोजून पाहू.

लिबकाटाच्या पहिल्या आवृत्तीत 'वाचन' नावाचं स्ट्रक्चर आहे. त्यात तीन फील्ड, प्रत्येक ४ बाइटचा पूर्णांक: काटा_क्रमांक ० व्या बाइटपासून, वजन ४ थ्या बाइटपासून, स्थिर ८ व्या बाइटपासून. एकूण १२ बाइट. काट्यावरचा आकडा हलायचा थांबला की 'स्थिर' मध्ये १ येतो.

कुणीतरी गाडीचं रिकामं वजनही हवं म्हणून मागतं. नवा डेव्हलपर हेडर उघडतो आणि वजनाशेजारीच शोभेल म्हणून 'रिकामं_वजन' हे फील्ड 'वजन' च्या वर टाकतो. आता काटा_क्रमांक ०, रिकामं_वजन ४, वजन ८, स्थिर १२. एकूण १६ बाइट. लायब्ररीच्या सगळ्या टेस्ट पास होतात, कारण त्या नव्या हेडरवर कंपाइल झालेल्या असतात.

मार्केट यार्डातल्या जुन्या प्रोग्रॅमखाली ही लायब्ररी जाते. कांद्याची गाडी काट्यावर येते. भरलेली १६२४० किलो, रिकामी ६१८० किलो. जुना प्रोग्रॅम वजन म्हणून ४ थ्या बाइटपासून वाचतो आणि त्याला ६१८० मिळतात. मग तो 'स्थिर' बघायला ८ व्या बाइटवर जातो. तिथे १६२४० आहे. शून्य नाही म्हणजे स्थिर, असं समजून तो पावती छापतो. कुठलाही एरर नाही, प्रोग्रॅम बंद पडत नाही, लॉगमध्ये काही नाही. पावतीवर भरलेलं वजन ६१८०.

शिवाय जुन्या प्रोग्रॅमने या स्ट्रक्चरसाठी १२ बाइटच जागा ठेवली होती आणि लायब्ररीने त्यात १६ बाइट लिहिले. जास्तीचे ४ बाइट शेजारच्या व्हेरिएबलवर पडले. तिथे कदाचित शेतकऱ्याचा खातेक्रमांक असेल, कदाचित फंक्शन संपल्यावर प्रोग्रॅमने कुठे परतायचं तो मेमरीतला पत्ता. पुढे काय होईल ते कंपायलरने त्या दिवशी काय शेजारी ठेवलं होतं यावर अवलंबून.

सोलापुरी चादरीवर नक्षी उमटवणारा मागावरचा जेकार्ड पाहिला असेल तर हे चटकन कळेल. पंच केलेल्या कार्डावरच्या भोकाला स्वतःचा अर्थ नसतो, जागेला असतो. भोक एक घर सरकलं तरी माग थांबत नाही, फक्त नक्षी दुसरीच उमटते. स्ट्रक्चरमधल्या फील्डचं अगदी तसंच आहे.

प्रोग्रॅम धाडकन बंद पडला तर निदान फोन येतो. चुकीचा आकडा पावतीवर छापून गेला तर तो कुणाच्या तरी खिशातून जातो, आणि लक्षात येईपर्यंत हिशेब मिटलेला असतो. म्हणून बायनरी कंपॅटिबिलिटीकडे कोड नीटनेटका ठेवण्याची हौस म्हणून पाहू नका.

मग फील्ड शेवटी वाढवलं तर चालेल?

जागा कोण देतं यावर आहे. स्ट्रक्चरची जागा लायब्ररीच देत असेल आणि प्रोग्रॅमकडे फक्त पॉइंटर असेल, तर शेवटी वाढवलेलं चालतं. प्रोग्रॅम स्वतः जागा देत असेल, किंवा अशा स्ट्रक्चरांचा अ‍ॅरे इकडून तिकडे जात असेल, तर शेवटी वाढवूनही मोडतं, कारण आकार बदलला.

सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे स्ट्रक्चर हेडरमध्ये उघडं ठेवायचंच नाही. हेडरमध्ये फक्त नाव जाहीर करायचं, आतला मजकूर सी फाइलमध्ये ठेवायचा आणि वजन_घ्या, स्थिर_आहे_का अशी छोटी फंक्शन्स द्यायची. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीने २०१६ मध्ये आलेल्या १.१.० आवृत्तीत आपली बरीचशी स्ट्रक्चर्स अशीच झाकली. त्या वेळी ज्यांचे प्रोग्रॅम थेट आतली फील्ड वापरत होते त्यांना बराच कोड बदलावा लागला. सुरुवातीलाच झाकलं तर हा त्रास कुणालाच होत नाही.

झाकणं शक्य नसेल तर स्ट्रक्चरचं पहिलं फील्ड 'आकार' ठेवा. प्रोग्रॅमने तिथे स्वतःला माहीत असलेला आकार भरायचा आणि लायब्ररीने त्यापलीकडे लिहायचं नाही. विंडोजच्या एपीआयमध्ये ही पद्धत जागोजागी दिसते.

फंक्शनला एक पॅरामीटर वाढवला तर?

समजा, दोन पॅरामीटरच्या फंक्शनला तिसरा जोडला. सी मध्ये फंक्शनच्या चिन्हात फक्त नाव असतं. त्यामुळे जुना प्रोग्रॅम नव्या फंक्शनला बिनतक्रार जोडला जातो आणि तिसरा आर्ग्युमेंट न देताच हाक मारतो. लायब्ररी तिसऱ्या रजिस्टरमध्ये जे काही पडलं असेल ते खरं मानते. सी प्लस प्लसमध्ये पॅरामीटरचे प्रकार चिन्हाच्या नावातच गुंफलेले असतात, म्हणून तिथे निदान 'अनडिफाइन्ड सिम्बॉल' असा एरर येतो.

'डिफॉल्ट व्हॅल्यू दिली आहे, मग काय हरकत?' असंही विचारतात. डिफॉल्ट व्हॅल्यू हाक मारणाऱ्याच्या बाजूला, कंपाइल करताना भरली जाते. जुन्या प्रोग्रॅममध्ये ती नाहीच.

जुनं फंक्शन तसंच ठेवा आणि नवं काटा_वाचा_२ अशा नावाने द्या. नाव देखणं नाही, पण लिनक्स कर्नलही हेच करतं: डप या सिस्टिम कॉलनंतर डप२, मग डप३.

हेडरमधला फक्त एक आकडा बदलला. त्यानेही मोडतं?

हो, आणि हे हमखास नजरेतून सुटतं. पावतीच्या मजकुरासाठी ६४ बाइटचा बफर लागतो असा मॅक्रो होता, तो १२८ केला. जुन्या प्रोग्रॅममध्ये ६४ केव्हाच पक्का बसलाय आणि लायब्ररी १२८ लिहिते. एनमच्या मध्ये नवी किंमत घुसवली की पुढच्या सगळ्यांचे आकडे सरकतात. हेडरमधल्या इनलाइन फंक्शनमधली चूक दुरुस्त केली तरी जुन्या प्रोग्रॅममध्ये चुकीचीच प्रत राहते.

कुठले बदल बिनधोक?

नवं फंक्शन वाढवणं, एनमच्या शेवटी किंमत वाढवणं, हेडरमध्ये न दिसणारा आतला कोड बदलणं. पण 'आतला कोड' म्हणतानाही सांभाळा. २०१० मध्ये ग्लिबसीने (लिनक्सवरच्या सी च्या मूळ लायब्ररीने) मेमकॉपी, म्हणजे मेमरीतला मजकूर एका जागेवरून दुसरीकडे उतरवणारं फंक्शन, काही प्रोसेसरांवर जास्त वेगवान केली. चिन्ह तेच, पॅरामीटर तेच. पण फेडोरा १४ या लिनक्स वितरणावर फ्लॅश प्लेअरचा आवाज खरखरू लागला, कारण फ्लॅश एकमेकांवर चढलेल्या मेमरीसाठी मेमकॉपी वापरत होतं. सी भाषेच्या अधिकृत नियमांप्रमाणे ती चूक फ्लॅशचीच. तरी लिनक्सचा निर्माता लिनस टॉरवाल्ड्सने बाजू घेतली ती वापरणाऱ्यांची: त्यांना आवाज बिघडलेला ऐकू येतो, नियमात काय लिहिलंय त्याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. पुढे ग्लिबसी २.१४ मध्ये मेमकॉपीला नवी चिन्ह-आवृत्ती मिळाली. जुन्या प्रोग्रॅमना जुनं, सुरक्षित वर्तन आणि नव्याने जोडलेल्यांना वेगवान फंक्शन.

आमचंही मत लिनसच्या बाजूचं. दस्तऐवजात काय लिहिलंय याइतकंच, लोक प्रत्यक्षात कशावर विसंबून आहेत हेही महत्त्वाचं.

लिबकाटा.एसओ.१.४.२ यातल्या आकड्यांचा अर्थ काय?

मशीनवर एका लायब्ररीची सहसा तीन नावं असतात. लिबकाटा.एसओ.१.४.२ ही खरी फाइल. लिबकाटा.एसओ.१ ही तिच्याकडे बोट दाखवणारी लिंक, ती एलडीकॉन्फिग ही कमांड तयार करते. हेच नाव लायब्ररीच्या आतही 'सोनेम' म्हणून कोरलेलं असतं. आणि नुसतं लिबकाटा.एसओ हे डेव्हलपरच्या मशीनवर लिंक करताना लागतं.

लिंक करताना प्रोग्रॅममध्ये सोनेम नोंदवलं जातं. म्हणजे प्रोग्रॅम म्हणतो, 'मला १ नंबरची लिबकाटा हवी'. १.४.२ च्या जागी १.५.० आली तरी त्याला चालतं. करार मोडला की सोनेम लिबकाटा.एसओ.२ करायचं. मग १ आणि २ एकाच मशीनवर शेजारी राहतात आणि प्रत्येक प्रोग्रॅम आपापली घेतो. जाहिरातीतला आवृत्ती क्रमांक आणि सोनेमचा आकडा एकच असायला हवा असं नाही. ग्लिबसीचा २.० हा अवतार १९९७ चा. आपल्या नेहमीच्या पीसीवर तेव्हापासून आजपर्यंत तिचं सोनेम लिबसी.एसओ.६ च आहे.

लिबटूल हे लायब्ररी बांधायचं साधन वापरत असाल तर करंट, रिव्हिजन आणि एज हे तीन आकडे द्यावे लागतात. लिनक्सवर सोनेमचा आकडा म्हणजे करंट वजा एज. तिथे आपला रिलीज क्रमांक जसाच्या तसा टाकणं ही नेहमीची चूक.

सोनेम बदललं की जबाबदारी संपली?

नाही. उबुंटू २२.०४ या लिनक्स वितरणात ओपनएसएसएल ३ आली आणि १.१ चं पॅकेज गेलं. १.१ वर जोडलेले कित्येक प्रोग्रॅम 'लिबएसएसएल.एसओ.१.१ उघडता येत नाही' असं सांगून थांबले. हा एरर प्रामाणिक आहे, चुकीच्या वजनापेक्षा शंभर पटीने बरा. पण ग्राहकाचं काम थांबलं ते थांबलंच.

आणखी एक गुंता आहे. प्रोग्रॅम थेट लिबकाटा २ वापरतो आणि त्याची छपाईची लायब्ररी आतून लिबकाटा १ वापरते. दोन्ही एकाच प्रोसेसमध्ये लोड होतात आणि एकाची हाक दुसरीत जाऊ शकते. लिंकरच्या व्हर्जन स्क्रिप्टने प्रत्येक चिन्हाला आवृत्ती चिकटवली की हे टळतं. पहिल्या रिलीजपासूनच चिकटवा, नंतर आठवण होऊन उपयोग नाही.

ग्राहकाच्या मशीनवर 'ग्लिबसी_२.३४ नॉट फाउंड' येतं. आमच्याकडे तर चालतं!

तुम्ही उबुंटू २२.०४ वर कंपाइल केलंय, तिथे ग्लिबसी २.३५ आहे. ग्राहकाकडे २०.०४ आहे, तिथे २.३१. ग्लिबसी जुन्या प्रोग्रॅमना नव्या सिस्टिमवर चालवायची हमी देते, नव्या प्रोग्रॅमना जुन्या सिस्टिमवर नाही. २.३४ मध्ये थ्रेडची लायब्ररी मुख्य लायब्ररीत विलीन झाली आणि प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या फंक्शनलाच नवी चिन्ह-आवृत्ती मिळाली. त्यामुळे दोन ओळींचा प्रोग्रॅमही २.३४ मागतो.

ज्या सगळ्यात जुन्या सिस्टिमवर चालवायचं आहे, तिच्यावर कंपाइल करा. कंटेनरमध्ये हे सहज जमतं. स्वतःच्या लॅपटॉपवरची लिबसी पेनड्राइव्हवर घेऊन ग्राहकाच्या मशीनवर कॉपी करू नका. तिथल्या जवळपास प्रत्येक कमांडला ती लागते. फाइल अर्धवट बदलली तर फाइलींची यादी दाखवणारी साधी एलएस सुद्धा चालणार नाही आणि मशीन परत उभं करायला रात्र जाईल.

सी प्लस प्लसमध्ये वेगळं काय सांभाळायचं?

बरंच. क्लासला एक प्रायव्हेट मेंबर वाढवला तरी आकार बदलतो, आणि ऑब्जेक्टला जागा प्रोग्रॅम देतो. व्हर्च्युअल फंक्शन मध्येच कुठे घातलं की व्हीटेबलमधल्या (अशा फंक्शन्सचे पत्ते ठेवणाऱ्या तक्त्यातल्या) पुढच्या सगळ्यांच्या जागा सरकतात. बाहेर कुणी तुमच्या क्लासपासून नवा क्लास काढला असेल तर शेवटी घालूनही मोडतं.

क्यूटी ही सी प्लस प्लस लायब्ररी आणि केडीई हा लिनक्स डेस्कटॉप बनवणारे यासाठी डी-पॉइंटर वापरतात. क्लासमध्ये एकच पॉइंटर, बाकी सगळा मालमसाला सीपीपी फाइलमध्ये. क्यूटी ५ ची मालिका २०१२ पासून चालली, २०२० मध्ये क्यूटी ६ आली, आणि मालिकेच्या आत जुने प्रोग्रॅम पुढच्या आवृत्तीवर चालावेत हे बंधन त्यांनी पाळलं.

कंपायलरचाही हात असतो. २०१५ च्या जीसीसी ५ या कंपायलरने स्ट्रिंग आणि लिस्टची आतली रचना बदलली. जुनी रचनाही शेजारी ठेवली, म्हणून सोनेम लिबएसटीडीसी++.एसओ.६ च राहिलं. पण जुन्या रचनेवर कंपाइल केलेली लायब्ररी आणि नव्या रचनेवरचा प्रोग्रॅम यांच्यात स्ट्रिंगची देवाणघेवाण असेल तर लिंक होत नाही. एररमध्ये 'सीएक्सएक्स११' दिसलं की हेच समजा.

छोट्या टीमला आमचा सल्ला सरळ आहे: आतून हवं तितकं सी प्लस प्लस लिहा, बाहेरचं तोंड साध्या सी चं ठेवा. रस्ट भाषेत लिहिलंत तरी तेच, कारण रस्टला स्वतःचा स्थिर एबीआय नाही.

कुठली फंक्शन्स बाहेर दिसू द्यायची?

जितकी कमी तितकं बरं. लिनक्सवर सांगितलं नाही तर सगळीच दिसतात, आणि दिसलेलं कुणीतरी वापरतंच. लपवण्याचा व्हिजिबिलिटी पर्याय लावून फक्त ठरवलेली फंक्शन्स उघडी ठेवा. ग्लोबल व्हेरिएबल तर एक्सपोर्ट करूच नका. त्याची प्रत जुन्या आकारासकट प्रोग्रॅममध्ये जाऊन बसते.

मोडलंय की नाही, रिलीजच्या आधी तपासायचं कसं?

डोळ्यांनी हेडर वाचून नाही. लिबअ‍ॅबिगेलमधली एबीआयडिफ ही कमांड जुनी आणि नवी लायब्ररी शेजारी ठेवून सांगते: अमुक स्ट्रक्चरचा आकार ९६ बिटवरून १२८ बिट झाला, अमुक फील्ड सरकलं, अमुक चिन्ह गायब झालं. त्यासाठी डीबग माहितीसकट कंपाइल केलेल्या फाइली लागतात. प्रत्येक रिलीजच्या वेळी हे आपोआप चालेल असं बसवा.

तरी वर्तनातला बदल त्याला कळत नाही. म्हणून प्रत्येक आवृत्तीच्या टेस्टचे कंपाइल झालेले प्रोग्रॅम जपून ठेवा आणि ते तसेच, पुन्हा कंपाइल न करता, नव्या लायब्ररीवर चालवा. रिकामं वजन पावतीवर गेल्याची वरची चूक या टेस्टने पहिल्याच फेरीत पकडली असती.

पायथनमधून सी-टाइप्सने (सी ची लायब्ररी थेट वापरू देणाऱ्या मॉड्यूलने) लिबकाटा वापरली तर?

तपासणारं कुणीच नाही. स्ट्रक्चरची रचना तुम्ही पायथनमध्ये हाताने लिहिलेली असते. लायब्ररी बदलली तर ती हातानेच बदलावी लागते. लायब्ररीत 'आवृत्ती सांगा' असं एक फंक्शन ठेवा आणि पायथनने सुरुवातीलाच ते विचारावं.

आमचे ग्राहक तर विंडोजवर आहेत!

तत्त्वं तीच, फरक थोडे. डीएलएलला (विंडोजवरच्या शेअर्ड लायब्ररीला) सोनेम नसतं, म्हणून मोडणाऱ्या आवृत्तीचा आकडा फाइलच्या नावातच घाला. व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ पासून २०२२ पर्यंतचे कंपायलर एकमेकांशी बायनरी कंपॅटिबल आहेत, त्याआधीचे नव्हते. डीएलएलने घेतलेली मेमरी डीएलएलनेच सोडावी, त्यासाठी वेगळं फंक्शन द्या. ६४-बिट विंडोजवर 'लाँग' ४ बाइटचा आणि ६४-बिट लिनक्सवर ८ बाइटचा असतो, म्हणून हेडरमध्ये ठरावीक रुंदीचेच प्रकार वापरा.

स्टॅटिक लिंक करून, म्हणजे लायब्ररी प्रोग्रॅमच्याच फाइलीत घालून, सगळी कटकट मिटवता येईल?

एका ग्राहकाच्या एका प्रोग्रॅमसाठी, हो. चार प्रोग्रॅम असतील तर लायब्ररीतली प्रत्येक दुरुस्ती चार ठिकाणी नव्याने बांधून पोचवावी लागते. त्यातलं एक ठिकाण नेहमी राहून जातं.

काट्याजवळ छोटे ३२-बिट बोर्ड आहेत. २०३८ चा प्रश्न त्यांना लागू होतो का?

होतो. ३२-बिट वेळेचा आकडा १९ जानेवारी २०३८ ला संपतो. तो ६४-बिट केला की ज्या ज्या स्ट्रक्चरमध्ये वेळ आहे त्यांचा आकार बदलतो. म्हणूनच डेबियन या लिनक्स वितरणाने २०२४ मध्ये ३२-बिट एआरएमसाठी हा बदल करताना शेकडो लायब्ररींच्या पॅकेजना 'टी६४' हे शेपूट जोडलं, म्हणजे जुनी आणि नवी पॅकेजं एकमेकांत मिसळणार नाहीत. लिबकाटाच्या हेडरमध्ये सिस्टिमचा वेळेचा प्रकार असेल तर प्रोग्रॅम ६४-बिट वेळेने आणि लायब्ररी ३२-बिट वेळेने कंपाइल होऊ शकते. तिथे थेट ६४-बिट पूर्णांक वापरा.

मोडावंच लागणार असेल तर कधी आणि कसं?

दर महिन्याला थोडं थोडं मोडू नका. मोडणारे बदल साठवून एकदाच करा. गळीत हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर संपतो, तेव्हा साखर कारखान्यांसाठी त्यानंतरचे महिने धरा. गड्ड्याच्या यात्रेच्या (जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या) आठवड्यात तर शहरात कुणाला फोन करून 'प्रोग्रॅम बदलायचाय' म्हणू नये.

नवं सोनेम द्या. जुन्या लिबकाटा १ चं पॅकेज काढू नका, निदान पुढचा एक हंगाम तिच्यात सुरक्षेच्या दुरुस्त्या करत राहा. रिलीजच्या टिपणात 'किरकोळ सुधारणा' असं लिहू नका. कुठलं फंक्शन गेलं, कुठलं स्ट्रक्चर बदललं आणि त्याऐवजी काय वापरायचं हे नावानिशी लिहा. मग प्रत्येक ग्राहकाच्या मशीनवर रीडएल्फ या कमांडने प्रोग्रॅमांची 'नीडेड' यादी, म्हणजे त्यांना लागणाऱ्या लायब्ररींची नावं, काढा. लिबकाटा.एसओ.१ मागणारा एकही प्रोग्रॅम उरला नाही असं दिसलं, की मगच त्या मशीनवरची १ नंबरची फाइल हलवा.